एतेल्काची काहील आणि एकवीस दिवसांची आग

मित्रांनो, माझ्याकडे बघून आधी मनसोक्त हसून घ्या. माझ्या बुडाला तळहाताएवढं ठिगळ आहे, एक कडी दुसरीपेक्षा जाड आहे आणि काठाला पहारीचा खोल पोचा आहे. मी तांब्याची काहील आहे. वयाची शंभरी कधीच ओलांडली. दिसायला मी काही देखणी नाही, पण कुणी माझी कीव केलेली मला चालत नाही. हे आधीच सांगून ठेवते.

माझं गाव किशकेर्त. हंगेरीच्या पूर्वेच्या टोकाला, सामोश नदीच्या वळणावर ते आहे. या भागात रानोमाळ आलुबुखार होतात. फळ लहान, निळसर जांभळं, चवीला आंबटगोड. ही झाडं कुणी लावत नाही, त्यांना कुणी पाणी घालत नाही, कलम करत नाही. जुन्या झाडाच्या मुळातून फुटवे येतात आणि रान आपोआप पुढे सरकतं. या आलुबुखाराचं नाव आहे 'नेमतुदोम', म्हणजे 'मला ठाऊक नाही'. कुणीतरी कधीतरी जात विचारली असेल, कुणीतरी खरं उत्तर दिलं असेल, आणि तेच नाव पडलं.

एकोणीसशे अकरा साली रोमा या जमातीच्या वस्तीतल्या गुस्ताव तांबटाने मला घडवलं. सव्वीस दिवस तो मला ठोकत होता. अजूनही उन्हात ठेवलं की त्याच्या हातोडीचे ठसे माशाच्या खवल्यांसारखे चमकतात. मला विकत घेतलं शारीने. ती मला न्यायला आली तेव्हा आधी कड्याच बघत राहिली.

"गुस्ताव, हे काय? एक कडी जाड, एक बारीक?"

"जाड कडी नवऱ्याला धरायला द्या, बाई. जड बाजू त्याची."

"मग तू आमचं घर पाहिलं नाहीस," शारी म्हणाली आणि जाड कडी स्वतः धरून मला गाडीत चढवलं.

मित्रांनो, मी अशा बाईच्या हाती पडले. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. तोफांसाठी तांबं हवं म्हणून शिपाई गावोगाव फिरू लागले. त्यांनी चर्चची घंटासुद्धा उतरवून नेली. शारीने मला काजळी फासली, डुकरांच्या खुराड्यात नेऊन ठेवलं आणि काठोकाठ खरकटं ओतलं. तिची नऊ वर्षांची मुलगी एतेल्का शेजारी उभी राहून डुकरांना हाका मारत होती. शिपाई आला, नाक दाबून वाकला, आणि पाच डुकरं त्याच्या बुटांमधून वाट काढत माझ्यावर तुटून पडली. तो गेला. एतेल्का मोठमोठ्याने हसत राहिली. डुकरांची थुंकी अंगावर घेऊन मी वाचले, आणि याची मला कधीच लाज वाटली नाही.

त्यानंतरची वर्षं कामाची होती. दर सप्टेंबरात माझ्यात लेकवार शिजायचा. लेकवार म्हणजे आलुबुखाराचा आटवलेला गर. त्यात साखर नाही, पाणी नाही, काही नाही. आधी फळं उकळायची, चाळणीवर घासून बिया आणि सालं काढायची, आणि मग तो गर दिवसभर, रात्रभर घोटत राहायचा. हात एक क्षण थांबला तर बूड लागतं. लाकडी घोटणं उलटं धरलं आणि लेकवार खाली पडला नाही, की झालं. मग तो गरम गरमच मातीच्या मडक्यांत भरायचा. माझ्यात थंड होऊ दिला तर तांबं उतरतं आणि खाणारा आजारी पडतो. मडक्यातला लेकवार चार चार वर्षं टिकतो. सुरीने कापावा लागतो. हिवाळ्यात तो पावाला लावायचा, नाहीतर कणकेच्या पाऱ्यांत भरून उकडायचा. ताजी फळं बटाट्याच्या गोळ्यात भरून, भाजलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवली की मुलं मोजून खायची आणि कुणी किती खाल्ले यावरून भांडायची. खाली पडलेली, फुटलेली फळं पिंपात आंबायला टाकायची. त्याची दारू, पालिंका, मात्र दुसऱ्या भांड्यात व्हायची. शारी म्हणायची, "हिच्यात फक्त लेकवार. हिला कोणी दारूला नेलं तर हात तोडीन."

शारी गेली. एतेल्का मोठी झाली, विधवा झाली, म्हातारीही झाली. तिची मुलगी विल्मा शहरात कारखान्यात लागली. मी दर सप्टेंबरात चुलीवर चढत होते. आणि मग एकोणीसशे सत्तरचा मे महिना आला.

त्या पहाटे सामोश बांध फोडून गावात शिरली. आमची घरं कच्च्या विटांची. पाण्यात उभी राहिली तशी ती मऊ पडली आणि बसली, दमलेली म्हातारी माणसं बसतात तशी. एतेल्काला नावेतून नेलं. मी पाण्यावर गरगर फिरत गेले आणि आलुबुखाराच्या रानात दोन खोडांमध्ये अडकले. पाणी ओसरायला किती दिवस लागले मला सांगता येत नाही. माझ्यात एक बेडूक होता, तो सांगू शकला असता.

पाणी गेल्यावर हुकूम आला. किशकेर्त पुन्हा बांधायचं नाही. जागा सखल आहे, धोक्याची आहे, सगळ्यांना वरच्या बाजूच्या गावात नवी घरं मिळतील. इथे एक वीटसुद्धा रचायला मनाई. नव्वद घरांनी हुकूम ऐकला आणि गेली. घरं खरोखर चांगली होती. नळ होता, वीज होती, दारात डांबर होतं.

सप्टेंबर लागला. नदीकाठच्या झाडांना कितीतरी दिवस गळ्यापर्यंत पाणी लागलं होतं. तरी ती फळांनी लगडली. हुकुमाचा कागद त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता.

एतेल्का बसमधून उतरून चालत आली. पाठीवर पोतं, हातात कुदळ. बासष्ट वर्षांची बाई दिवसभर आपल्या घराचा चिखल उकरत राहिली. संध्याकाळी तिला लेकवारची तीन मडकी सापडली, तोंडावरचा लेप न फुटलेली. तिने एक फोडलं, बोट घालून चाखलं आणि चिखलातच फतकल मारून बसली. ती रडली की नाही हे मला माहीत नाही, कारण मी अजून रानात होते. दुसऱ्या दिवशी मात्र ती मला शोधत आली. मला पाहून म्हणाली, "इथे पडलीयस होय? चल, काम आहे."

तिने मला वाळू आणि शिरक्याने घासलं, बेडकाला रानात सोडलं आणि पडक्या घरांच्या धुराड्यांतल्या भाजक्या विटा जमवून कमरेएवढी चूल रचली. आमच्याच घराच्या तुळया फोडून सरपण केलं. शेजारचा गेदेओन तिला शोधत आला होता. वय सत्तर, सायकलवर. तो म्हणाला, "एतेल्का, तुला वेड लागलंय. चूल म्हणजे बांधकाम. पकडतील."

"मग पकडायला येतील तोवर घोट," असं म्हणून तिने घोटणं त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्याच दिवशी निरीक्षक लोरांत आला. तरुण, सभ्य, बुटांवर चिखल लागू नये म्हणून दगडांवरून उड्या मारत येणारा. बरोबर पहारी घेतलेले दोन मजूर.

"नेनी, ही चूल बेकायदा आहे. पाडावी लागेल." म्हाताऱ्या बायकांना आमच्याकडे नेनी म्हणतात.

"पाडा की," एतेल्का घोटत म्हणाली. "पण आत साठ किलो लेकवार उकळतोय. चूल फुटली की तो तुमच्या पायांवर येणार. कातडीला चिकटतो तो, धुऊन निघत नाही. गेदेओन, दाखव रे दंड."

गेदेओनने दंडावरचा जुना डाग दाखवला. तो खरं तर घोड्याने चावल्याचा होता, पण त्याने तोंड वेडंवाकडं करून दाखवला. एका मजुराने तरी धीर करून पहार उगारली. ती माझ्या काठावर बसली आणि लेकवारचा एक थेंब उडून त्याच्या मनगटावर पडला. पहार टाकून तो नदीकडे पळाला.

लोरांतने वही काढली. "हे कुठल्या जातीचं फळ? अहवालात लिहावं लागेल."

"ठाऊक नाही."

"नेनी, चेष्टा नको. नाव सांगा."

"अहो, ठाऊक-नाही हेच नाव! आणि काय सांगू?"

शेवटी तो म्हणाला, "हे पाहा, मी काही राक्षस नाही. आग विझली की चूल पाडायची. एवढं लिहून द्या."

एतेल्काने एका हाताने घोटत दुसऱ्या हाताने लिहून दिलं. 'आग विझली की चूल पाडीन.' खाली सही. लोरांत समाधानाने गेला. गेदेओन हळहळला, "उद्या सकाळी लेकवार होईल आणि मग?"

"मग दुसरा चढवू," एतेल्का म्हणाली. "मी काय लिहिलंय ते नीट वाच. आग विझली की. मी कुठे म्हटलं, कधी विझवीन?"

मित्रांनो, त्यानंतरचे एकवीस दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात कठीण आणि सर्वात मोठे. एक घाणा उतरला की मला ओल्या फडक्याने पुसायचं आणि चटका शमायच्या आत दुसरा ओतायचा. चौथ्या दिवशी विल्मा शहरातून आईला न्यायला आली.

"आई, पुरे झालं. कारखान्यात लोक हसतात मला. तुझ्या आईला म्हणे सरकारशी लढायचंय, कढई घेऊन."

"कढई नाही, काहील. आणि बोलता बोलता घोट जरा, माझी पाठ धरलीय."

विल्मा चिडून घोटायला लागली. संध्याकाळची बस गेली. दुसऱ्या दिवशीचीही गेली. मग तिने रजेचा अर्ज लिहून बसचालकाच्या हाती पाठवला.

बातमी वरच्या गावात पोचली होती. किशकेर्तचीच माणसं सायकलींवरून, बसमधून फळांच्या टोपल्या आणि सरपण घेऊन येऊ लागली. कुणी बोलून काही ठरवलं नव्हतं. येणारा आपली फळं ओतायचा, आपली पाळी घोटायचा, आपलं मडकं भरायचा आणि जाताना पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून ठेवायचा.

लोरांत दर तीन दिवसांनी फेरी मारायचा. सातव्या दिवशी त्याला चुलीच्या एका बाजूला विटांची भिंत दिसली.

"ही काय भानगड?"

"वारा फार आहे, कॉम्रेड. आग विझेल ना."

दहाव्या दिवशी दोन भिंती आणखी. तेराव्या दिवशी छप्पर.

"आणि हे?"

"लेकवारात पावसाचं पाणी पडलं तर बुरशी येते. लोक खातात हो ते."

"खिडकी?"

"धूर."

सोळाव्या दिवशी तो दारात उभा राहिला. तोवर दारही झालं होतं. आत पलंग होता. त्याने पलंगाकडे बोट केलं.

"मी बासष्ट वर्षांची आहे, कॉम्रेड," एतेल्का म्हणाली. "उभी तरी किती राहू?"

विल्माने त्याच्या हातात पावावर लावलेला गरम लेकवार दिला. त्याने तो खाल्ला. वहीत काय लिहिलं कोण जाणे, पण त्या दिवशी तो दगडांवरून उड्या न मारता चिखलातून सरळ चालत गेला.

हे सगळं गमतीत चाललं होतं असं समजू नका. अठराव्या दिवशी एतेल्काला ताप भरला. घोटता घोटता ती उभ्याउभ्या झोपली आणि कपाळ माझ्या काठाला टेकलं. भाजलं तिला. गेदेओनने तिला पलंगावर बसवलं आणि रागावून म्हणाला, "सोड आता. तिकडे नळ आहे, वीज आहे. मरायचंय का इथे?"

ती म्हणाली, "इथे यायच्या आधी तिकडे दुकानात बाईनं विचारलं, तुम्ही कुठल्या? म्हटलं, किशकेर्तची. तर म्हणते कशी, 'हो, ते गाव होतं ना नदीकाठी?' होतं! गेदेओन, मी समोर उभी, जिवंत, हातात पिशवी. आणि ती 'होतं' म्हणते."

गेदेओनने घोटणं उचललं आणि सकाळपर्यंत कुणाला दिलं नाही.

एकविसाव्या दिवशी रानातली फळं संपली. शेवटचा घाणा उतरला. विल्मा म्हणाली, "आता काय? पाणी उकळत बसायचं?"

गेदेओनने घसा खाकरला. पहिल्याच आठवड्यात त्याने पडकी फळं पिंपात आंबायला टाकली होती. कुठूनसं एक झाकण आणि नळीही आणून ठेवली होती.

"लेकवारला कुणी पकडत नाही," एतेल्का म्हणाली. "याला पकडतात. आणि आईनं बजावलं होतं, हिच्यात दारू नाही."

"तुझी आई असती तर तिनं काय केलं असतं?"

एतेल्काने माझ्याकडे पाहिलं. तांब्याला मत विचारत नाहीत, पण विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. माझ्यावर झाकण बसलं. नळीतून थेंब थेंब पालिंका पडू लागली. तो वास वाऱ्याबरोबर कुठवर गेला ते दुपारीच कळलं. लोरांत आला, आणि या वेळी बरोबर गणवेशातली माणसं होती.

"काय चाललंय इथे?" त्यातल्या जाड्या हवालदाराने विचारलं.

"पाणी तापवतोय. पाय शेकायला," गेदेओन म्हणाला.

हवालदाराने नळीखालचा पेला उचलून एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "हे पाणी?"

"पुरानंतर आमच्याकडचं पाणी असंच झालंय, साहेब. सामोशला विचारा."

हवालदाराला हसू आवरेना, पण कायदा हसण्यावारी जात नाही. एतेल्का पुढे होऊन म्हणाली, "काहील माझी आहे." गेदेओन तिच्याहून मोठ्याने ओरडला, "दारू माझी! हिला वासानं उलटी होते, हिला काय विचारता?" त्याला तीन महिन्यांची कैद झाली. आणि मला जप्त केलं.

त्यांनी मला चुलीवरून उतरवलं तेव्हा खाली निखारे लालभडक होते. एतेल्काने लगेच त्यावर पातेलं ठेवलं आणि बटाटे उकडायला घातले. लोरांत दारातून पाहत होता.

"आग विझली नाही, कॉम्रेड," ती म्हणाली. "माझा शब्द अजून बाकी आहे."

तो गेला. पुढे दर महिन्याला त्याने अहवालात 'चूल चालू आहे' एवढंच लिहिलं, असं म्हणतात. ते घर पाडायला कुणी आलं नाही.

माझ्या वाट्याला आलं कोठार. पुन्हा दारू होऊ नये म्हणून तिथल्या एका माणसाने टिकावाने माझ्या बुडाला भोक पाडलं. जुन्या सायकली, फुटकी पिंपं आणि मी. सहा वर्षं. अंगावर हिरवा गंज चढला. उंदरांनी पिल्लं घातली. सप्टेंबर कधी आला आणि गेला तेही कळेना. माझी कोणी निंदा केली नाही, हे खरं. तिथे कुणी माझ्याशी बोललंच नाही.

सातव्या वर्षी दार उघडलं आणि ओळखीचा आवाज आला. गाव बांधायची मनाई उठली होती. एतेल्का अर्जावर अर्ज करून माझ्या सुटकेचा कागद घेऊन आली होती.

कोठारवाला म्हणाला, "कशाला नेताय, नेनी? भंगार आहे. भोक पडलंय."

"भोक तुम्ही पाडलंत," एतेल्का म्हणाली. "भंगार म्हणायचा हक्क तुम्हाला नाही. विल्मा, तिकडून धर."

रोमा वस्तीतल्या एका तांबटाने भोकावर पत्रा ठेवून तांब्याच्या खिळ्यांनी ठोकून बसवला. ठिगळ दिसतं, पण थेंब गळत नाही. मी पुन्हा चुलीवर चढले. नव्वद घरांपैकी अकरा परत आली. शाळा आली नाही. गेदेओन तुरुंगातून सुटून आला होता आणि आमच्याच घरात चार हिवाळे काढून वारला. मनाई उठल्याचं त्याला कळलं नाही. एतेल्का त्र्याऐंशी वर्षांची होऊन गेली. आता विल्मा म्हातारी झाली आहे आणि अकराची सतरा घरं झाली आहेत. जिंकलो असं मी म्हणणार नाही. आहोत, एवढं ठणकावून सांगते.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका हॉटेलवाल्याने मला मागितलं. दारात ठेवणार होता, आत माती घालून लाल फुलं लावणार होता. चांगला माणूस होता, मला "केवढी सुंदर!" म्हणाला. विल्माने त्याला लेकवार खायला घातला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला.

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर, कोपऱ्यात माझ्यासारखं कुणी पडलेलं असेल. त्याला फुलं वाहू नका, काचेच्या कपाटात बसवू नका. घासा, ठिगळ लावा आणि कामाला जुंपा. माझं बूड दरवर्षी थोडं पातळ होतंय, हे मला ठाऊक आहे. या सप्टेंबरातही मी चुलीवर चढणार आहे.

झिजू द्या मला.